आत्याचे बुडबुडे

माझ्या आत्याशी बोलायचं असेल तर तिच्या पाठीशी बोलावं लागतं. ती आमच्या संस्थेत तिसऱ्या मजल्यावर एका मोठ्या पेटीसमोर बसलेली असते. पेटीला समोरून जाड पारदर्शक तावदान आहे, तावदानाला दोन भोकं आहेत आणि भोकांना आतल्या बाजूला लांबलचक काळे रबरी हातमोजे जोडलेले आहेत. आत्याचे दोन्ही हात खांद्यापर्यंत त्या मोज्यांत असतात. पेटीत हवा नाही, नुसता नायट्रोजन. आत्या जो पदार्थ बनवते त्याला हवा लागली की तो मरतो. ‘मरतो’ हा शब्द तिचाच. आम्ही बाकीचे ‘खराब होतो’ म्हणतो, आणि मग ती म्हणते, “दूध खराब होतं. हा मरतो.”

मी त्याच संस्थेत यंत्रदुरुस्ती विभागात नोकरीला लागले, तेव्हा पहिल्याच दिवशी तिने मला बजावलं होतं, “इथे आत्या-बित्या चालणार नाही. मॅडम म्हणायचं.”

“बरं, मॅडम.”

“आता नाटकं पुरेत. आधी माझा चष्मा वर सरकव.”

चष्मा ही तिची कायमची अडचण. घाम आला की तो नाकावरून घसरतो, आणि हात तर पेटीत अडकलेले. मोज्यातून हात बाहेर काढायचे म्हणजे हातातलं सगळं आत नीट ठेवा, झाकणं लावा, मग काढा. तेवढ्यात काम बिघडतं. त्यामुळे त्या मजल्यावरून जाणारा प्रत्येक माणूस, मग तो झाडूवाला असो की एखादा पाहुणा, आत्याच्या हाकेला ओ देऊन आत येतो, चष्मा वर करतो आणि आपल्या वाटेने जातो. नाकाला खाज सुटली की प्रकरण जास्त नाजूक होतं. त्यासाठी ती माणूस निवडून हाक मारते.

तिचं लग्न या खाजेतूनच जमलं, असं आमच्या घरी सांगतात, आणि ते खरं आहे. त्याआधी स्थळं येत होती, पण टिकत नव्हती. दोष तिचाच. मुलाकडच्यांनी “काय काम करता?” म्हणून विचारलं की ती खरं आणि सविस्तर सांगायची. चिखलात राहणारे काही जिवाणू असतात, त्यांच्या अंगात एक एन्झाइम असतं, ते आम्लातून हायड्रोजन वायू बनवतं. त्या एन्झाइमच्या पोटात दोन लोखंडाचे अणू शेजारी शेजारी बसलेले असतात, त्यांना गंधक चिकटलेलं असतं, शिवाय थोडं सायनाइड. मी त्याची लहानशी नक्कल बनवते.

सायनाइडपाशी समोरच्या बाईंच्या हातातला कप बशीवर टेकायचा. “मग स्वयंपाक...” त्या म्हणायच्या. “हात धुऊन करते,” आत्या सांगायची. पुढचं बोलणं सहसा दारापर्यंतच चालायचं.

माझे बाबा, म्हणजे तिचा मोठा भाऊ, घड्याळं दुरुस्त करतात. दुकानात गिऱ्हाइकाने बहिणीची चौकशी केली की ते डोळ्यावरचं भिंग न काढता सांगतात, “डबक्यातल्या किड्यांची नक्कल करते.” गिऱ्हाईक हळहळतं. बाबा समजावत बसत नाहीत.

तर खाज. संस्थेत काचेची उपकरणं बनवणारे एक गृहस्थ होते, आता ते माझे आतोबा. ते एकदा नवी नळी द्यायला वर आले. आत्या पाठमोरी. ती म्हणाली, “कोण आहे ते पाहत नाही, पण नाक खाजवा. डाव्या बाजूला.” आतोबांनी नळी टेबलावर ठेवली, हात पुसले आणि खाजवलं. “अजून थोडं वर,” ती म्हणाली. त्यांनी तेही केलं. एवढा अनोळखी पुरुष नाक खाजवून देतो आणि त्यावर एकही विनोद करत नाही, हे तिला फार आवडलं. आतोबा मात्र म्हणतात की त्यांना विनोद सुचला होता, पण हात भाजलेला होता म्हणून लक्ष तिकडे होतं.

आता तिच्या कामाबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आम्लातून हायड्रोजन काढणं माणसालाही जमतं, पण त्यासाठी उत्तम चालतं ते प्लॅटिनम. किड्याला तेच लोखंडावर जमतं. लोखंड भंगारातही मिळतं. आत्याचं म्हणणं एवढंच, की डबक्यातल्या किड्याला परवडतं ते आपल्याला का परवडू नये. अख्खं एन्झाइम बनवणं कुणाच्या बापाला शक्य नाही, ते हजारो अणूंचं धूड असतं. म्हणून तिने फक्त त्याचं काळीज घ्यायचं ठरवलं: ते दोन लोखंड, त्यांच्यामधले गंधकाचे दोन अणू आणि शेजारी नायट्रोजनचा एक लहानसा हात. हा हात फार कामाचा. आम्लातला प्रोटॉन तो झेलतो आणि लोखंडाकडे देतो. सामान हलवताना एकाने दारात उभं राहून बाहेरच्याकडून घ्यायचं आणि आतल्याकडे सरकवायचं, तसं.

असा रेणू बनला की तो पेटीतच एका झाकणाच्या काचेच्या पेल्यात विरघळवायचा, पेला आतल्या नायट्रोजनसकट बाहेर टेबलावर आणायचा, त्यात थोडं आम्ल घालायचं, काळ्या कार्बनचा एक इलेक्ट्रोड बुडवायचा आणि वीज सोडायची. इलेक्ट्रोडवर बुडबुडे आले तर हायड्रोजन आला. ऐकायला सोपं आहे.

घोळ असा होतो की बुडबुडे येतात, पण ते रेणूचे असतीलच असं नाही. बऱ्याचदा रेणू विजेचा झटका खाऊन बिचारा पहिल्या काही क्षणांतच मरतो. त्याचं लोखंड सुटतं आणि इलेक्ट्रोडवर काळा थर होऊन बसतं. काळ्यावर काळा, डोळ्यांना दिसत नाही. मग तो थरच बुडबुडे काढत राहतो आणि आपण इकडे कौतुक करत राहतो, की वा, काय रेणू बनवलाय. हे पकडायची एकच साधी रीत आहे. इलेक्ट्रोड बाहेर काढायचा, स्वच्छ धुवायचा आणि दुसऱ्या पेल्यात बुडवायचा. त्या पेल्यात आम्ल असतं, रेणू नसतो. आता बुडबुडे थांबले तर रेणू खरा. चालू राहिले तर काम करणारा कुणी वेगळाच.

आत्या ही तपासणी दुसऱ्यांसाठी फार हौसेने करते. इमारतीत कुठे बुडबुड्यांची बातमी आली की ती डिस्टिल्ड पाण्याची बाटली घेऊन हजर. तळमजल्यावरच्या बॅटरीवाल्या सरांनी मधे कोबाल्टच्या रेणूचा नाद केला होता. त्यांच्याकडे भरभरून बुडबुडे येत होते. आत्याने त्यांचा इलेक्ट्रोड धुतला आणि दुसऱ्या पेल्यात सोडला. बुडबुडे पहिल्यापेक्षा जास्त आले.

“सर,” ती म्हणाली, “मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते मी नुसतं ऐकलं होतं.”

सरांनी तेव्हा सांगितलं की धुणं नीट झालं नसेल. मग म्हणाले, इलेक्ट्रोड जुना आहे. मग म्हणाले, आज हवा दमट आहे. आत्याने दर वेळी बाटली पुढे केली. त्यानंतर सरांनी हायड्रोजन सोडला आणि ते बॅटऱ्यांकडे परत गेले. पण मनात त्यांनी आत्याच्या पेटीची नोंद ठेवली. बॅटऱ्यांनाही हवा चालत नाही आणि संस्थेत मोठी पेटी एकच होती.

यंदा नवे संचालक आले. त्यांनी प्रत्येक खोलीत जाऊन विचारलं, की इथे काय होतं. आत्याच्या खोलीत त्यांना कळलं की बरीच वर्षं बरंच काही होणार आहे. त्यांनी शांतपणे सांगितलं, “महिनाअखेरीस मी पुन्हा येईन. रेणू चालताना दाखवा. नाही चालला तर पेटी खाली बॅटरी विभागाला जाईल.” पेटी गेली म्हणजे काम गेलं. आत्याची बदली पाणी तपासणी विभागात होणार होती. तिथे सगळं उघड्या हवेत चालतं.

दुसऱ्याच दिवशी बॅटरीवाले सर मोजपट्टी घेऊन वर आले आणि दरवाज्याची रुंदी मोजू लागले. आत्याचे हात पेटीत होते.

“काय मोजताय?”

“सहज.”

“आलाच आहात तर चष्मा वर करा.”

त्यांनी केला. मग पेटीची उंचीही मोजली.

आत्याच्या खोलीत तिच्या जोडीला एक संशोधक आहेत. त्यांना सगळे घाईसाहेब म्हणतात, कारण ते जेवताना पुढच्या जेवणाचं बोलतात. महिना अर्धा उलटला असेल, तेव्हा घाईसाहेब धावत आमच्या विभागात आले आणि मला ओढतच वर घेऊन गेले. आत्याच्या नव्या रेणूने पेल्यात नुसता धुमाकूळ घातला होता. सोड्याची बाटली उघडावी तसे बुडबुडे येत होते. घाईसाहेबांनी फोनवर तिघांना कळवून टाकलं होतं आणि चौथ्याला लावत होते.

आत्या मात्र पेल्याकडे अशी बघत होती, जसं कुणी फारच गोड बोलणाऱ्या पाहुण्याकडे बघावं.

“एवढे?” ती म्हणाली.

“एवढेच कशाला, अजून वाढतील,” घाईसाहेब म्हणाले.

“एवढ्या कमी विजेला एवढे कसे?”

“मॅडम, लक्ष्मी आली की तिला पत्ता विचारू नये.”

आत्याने बाटली उचलली. घाईसाहेब आडवे आले. आज नको, म्हणाले. संचालकांना आधी दाखवू, मग निवांत धुऊ. काय घाई आहे. घाईसाहेबांच्या तोंडून हा प्रश्न मी पहिल्यांदाच ऐकला.

“मी अख्ख्या इमारतीचं धुतलंय,” आत्या म्हणाली. “आता स्वतःचं झाकून ठेवू?”

ही बातमी कशी पसरली कोण जाणे, पण ‘आज त्यांचाच धुणार’ म्हणून पाहता पाहता खोलीत माणसं जमली. ज्यांचे ज्यांचे इलेक्ट्रोड तिने आजवर धुतले होते ते सगळे आले होते. बॅटरीवाले सर पुढे उभे होते. चेहऱ्यावर सहानुभूती होती, पण पाय हलत होते.

आत्याने इलेक्ट्रोड काढला, धुतला, दुसऱ्या पेल्यात सोडला. वीज चालू केली.

बुडबुडे आले. भरभरून आले.

आत्याने इलेक्ट्रोड परत काढला. “धुणं नीट झालं नसेल,” ती म्हणाली.

पुन्हा धुतला. पुन्हा बुडबुडे.

“हा इलेक्ट्रोड जुना आहे,” ती म्हणाली, आणि खोलीत कुणीतरी खोकलं. ती नवा शोधू लागली. ड्रॉवर उघडला, बंद केला, दुसरा उघडला. बॅटरीवाले सर अगदी मायेने म्हणाले, “मॅडम, आज हवा दमट आहे.”

आत्या थांबली. त्यांच्याकडे बघून तिला हसू आलं, पण ते तोंडाच्या एका कोपऱ्यापर्यंतच पोचलं. तिने वीज बंद केली आणि म्हणाली, “मेलाय. बुडबुडे त्याचे नाहीत, त्याच्या मढ्याचे आहेत. घाईसाहेब, सगळ्यांना फोन करून सांगा.”

घाईसाहेबांनी तरीही एक प्रयत्न केला. मढं तर मढं, बुडबुडे तर येतात ना. संचालकांना काय, बुडबुडे दिसले की झालं. यात पूर्ण खोटं असं काही नव्हतं. कुणी असा थर मुद्दाम बनवला असता तर तोही अभ्यासाचा विषय झाला असता. पण आत्याने किड्याचं काळीज बनवतो म्हणून सांगितलं होतं आणि पेल्यात होता तो गंज.

संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. बाबा आधीच येऊन बसले होते. आत्या वांगी चिरत होती आणि इतकी बारीक चिरत होती की ती वांगी आहेत हे सांगावं लागलं असतं. आतोबा भात टाकत होते.

“पाणी तपासणी काही वाईट नाही,” बाबा म्हणाले. “हात मोकळे राहतील.”

“मोकळे हात घेऊन काय करू, दादा?”

“माझ्या दुकानात ये. घड्याळाचंही असंच असतं. परवा एक माणूस आला, म्हणाला, काटे पळतायत पण वेळ चुकते. उघडून बघतो तर चाकाचा एक दात तुटून भलत्याच ठिकाणी अडकलेला. काटे त्याच्या धक्क्याने पळत होते.”

आत्या नेहमी दादाचं बोलणं एका कानाने ऐकते, पण आज तिने सुरी खाली ठेवली. बाबांनी काही ज्ञान दिलं होतं असं नाही, ते फक्त घड्याळाबद्दल बोलत होते. पण तुटून पडण्याचं नाव निघालं आणि तिला एक विचारायचा राहिलेला प्रश्न आठवला: मढ्याचा कुठला भाग आधी गळाला?

दुसऱ्या दिवशी तिने बुडबुड्यांकडे पाठ फिरवली आणि त्या उरलेल्या द्रावणाची तपासणी केली. मापायचं यंत्र माझ्या ताब्यात असल्यामुळे मी ते पाहिलं. द्रावणात नायट्रोजनचा हात सुटा तरंगत होता. नव्या रेणूत तिने तो लांब केला होता आणि एकाच टोकाने बांधला होता, मोकळेपणाने हलता यावा म्हणून. वीज सोडताच तो निसटायचा. दारातला माणूसच निघून गेल्यावर सामानाची चेंगराचेंगरी व्हावी, तसं झालं होतं.

मग तिने तो हात आखूड केला आणि दोन्ही टोकांनी, दोन्ही गंधकांना बांधला. किड्यातही तो तसाच असतो. “मला मेलीला सुधारणा करायची होती,” ती तावदानाकडे बघत म्हणाली. “ज्याची नक्कल करायची त्यालाच शिकवायला निघाले.” पुढचे सगळे दिवस तिचे हात पेटीबाहेर आले ते फक्त घरी जायला. आतोबा दुपारी वर येऊन डबा उघडायचे आणि तिला घास भरवायचे, कारण जेवायला हात काढायलाही ती कुरकुर करू लागली होती. बॅटरीवाल्यांकडून दोन माणसं येऊन पेटीखाली चाकं बसतील का ते वाकून पाहून गेली.

महिनाअखेरीस संचालक आले. बरोबर बॅटरीवाले सर. मी यंत्राजवळ, घाईसाहेब दाराजवळ, आतोबा स्वतः बनवलेल्या पेल्याजवळ, तडा गेला तर असावं म्हणून.

आत्याने वीज सोडली. सगळे वाकले.

इलेक्ट्रोडवर काही दिसेना. बऱ्याच वेळाने एका कडेला खसखशीएवढा एक ठिपका आला. तो फुगत गेला, थांबला, विचार केल्यासारखा पुन्हा फुगला, आणि सुटून वर गेला.

“आला,” आत्या म्हणाली.

“एक?” संचालकांनी विचारलं.

“दुसराही येईल.”

आम्ही थांबलो. चहा आला. चहा निम्मा संपल्यावर दुसरा आला. बॅटरीवाले सर म्हणाले, “मागच्या वेळी तर कारंजं होतं.” घाईसाहेबांनी डोळे मिटून घेतले.

“आता खरं दाखवते,” आत्या म्हणाली. तिने इलेक्ट्रोड काढला, धुतला आणि रेणू नसलेल्या पेल्यात सोडला. विजेचा दाब तेवढाच ठेवला. माझ्या पडद्यावरची, पेल्यातून किती प्रवाह वाहतो ते दाखवणारी रेघ खाली आली आणि सपाट झाली.

काहीच झालं नाही.

आम्ही आणखी थांबलो. पेल्यात आम्ल होतं, इलेक्ट्रोड होता, वीज होती, आणि काहीही होत नव्हतं. आत्याचा चेहरा मात्र उजळत चालला होता, जणू समोर आतषबाजी चालू आहे. आतोबांनी हळूच विचारलं, “अगं, बिघडलं का?” तिने नाही म्हणून मान हलवली.

संचालक मूळचे सिमेंटचे तज्ज्ञ. ओल्या सिमेंटकडे बघत बसण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती, त्यामुळे काही होत नसलेल्या वस्तूकडे बघायची त्यांना घाई नव्हती. त्यांनी खुर्ची ओढली आणि पेल्यासमोर बसले. चांगला वेळ बसले. मग मान न वळवता त्यांनी विचारलं, “सर, तुमचा कोबाल्ट धुतला होता तेव्हा काय झालं होतं?”

बॅटरीवाल्या सरांनी घसा साफ केला. “चालू राहिलं होतं.”

“आणि मॅडम, तुमचा आधीचा?”

“तोही,” आत्या म्हणाली.

“म्हणजे या इमारतीत धुतल्यावर बंद पडलेली ही पहिलीच वस्तू.”

“हो.”

“परत पहिल्या पेल्यात घाला बघू.”

तिने घातला. आम्ही पुन्हा वाकलो. बऱ्याच वेळाने कडेला तोच बारीक ठिपका आला, फुगला, आणि वर गेला. संचालकांनी त्याच्या मागोमाग मान वर केली, तो जणू छतापर्यंत जाणार होता.

“फार हळू आहे,” ते म्हणाले.

“किडाही आधी हळूच असेल,” आत्या म्हणाली.

यावर ते हसले नाहीत. उठले, पेटीवर हात ठेवला आणि बॅटरीवाल्या सरांना म्हणाले, “तुमच्यासाठी दुसरी पेटी बघू. ही एक वर्ष राहू दे. वर्षाने मी पुन्हा येईन, तेव्हा चहाचा एक कप संपेपर्यंत निदान चार तरी बुडबुडे यावेत.” सर ‘बरं’ म्हणाले आणि दाराच्या चौकटीकडे एकदा खिन्नपणे पाहून त्यांच्या मागे गेले.

घाईसाहेब फोन काढून जिन्याकडे धावले. आतोबा आत्याजवळ सरकले. त्यांना विज्ञानातलं कळतं, पण निकाल सरळ शब्दांत ऐकायला आवडतो.

“म्हणजे जिंकलो ना आपण?”

आत्याने इलेक्ट्रोड पुन्हा धुऊन रेणू नसलेल्या पेल्यात सोडला होता आणि हनुवटी टेबलावर टेकवून बसली होती.

“हळू बोला,” ती म्हणाली. “काही होत नाहीये, ते बघू द्या जरा.”